बायबलची मांडणी आणि आपलं वाचन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची उपासना संपली की चर्चच्या पायरीवर, नाहीतर घरप्रार्थनेनंतर चहा येईपर्यंत, हे प्रश्न मला गाठतात. काही खानापूर-निपाणीकडून व्हॉईस मेसेजनं येतात, अर्धे मराठीत, अर्धे कन्नडात. तेच तेच उत्तर किती वेळा बोलायचं, म्हणून एकदा लिहून काढलं. वचनांच्या अर्थाबद्दलचे प्रश्न आपापल्या पाळकांकडे न्यावेत. इथं फक्त पुस्तक कसं मांडलंय, कसं छापलंय आणि त्यानं आपल्या वाचनाचं काय होतं एवढंच पाहिलंय.

१. अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ बायबलमध्येच होते का?

नव्हते. नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागाच्या, जुन्या ग्रीक हस्तलिखितांत तर शब्दांमध्ये जागासुद्धा सोडलेली नसायची, अक्षराला अक्षर चिकटलेलं. ज्यांनी घरातली जुनी मोडी कागदपत्रं पाहिलीत त्यांना हे लगेच कळेल. मोडीतही एका रेघेखाली सगळं सलग, शब्द कुठं तुटतो ते वाचणाऱ्यानं ओळखायचं.

आज आपण वापरतो ते अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीचे. पॅरिसला शिकवणारे आणि पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झालेले स्टीफन लँग्टन यांच्याकडे त्याचं श्रेय जातं. जुन्या कराराच्या हिब्रू मजकुरात वाक्य कुठं संपतं याच्या खुणा त्याआधीपासून होत्या, पण आकडे नव्हते. नव्या कराराला आजचे वचनांक दिले रोबेर एस्तिएन या मुद्रकानं, १५५१ साली. त्याच्या मुलानं लिहून ठेवलंय की वडिलांनी हे काम पॅरिसहून ल्योंला घोड्यावरून जाताना केलं. वाटेतल्या मुक्कामात केलं असेल असं पुष्कळ जण म्हणतात, पण काही तुकडे बघून मलाही घोडा ठेचाळला असावा असंच वाटतं.

पुढे १५६० च्या जिनीव्हा बायबलनं प्रत्येक वचन नव्या ओळीवर छापलं. तिथून पान यादीसारखं दिसायला लागलं, आणि यादी जशी वाचतात तसंच लोक ते वाचायला लागले.

२. अध्याय चुकीच्या ठिकाणी तुटलाय असं तुम्ही म्हणता. एखादं उदाहरण द्या.

सगळ्यांना ठाऊक असलेलं म्हणजे उत्पत्तीचं. सृष्टीचे सहा दिवस पहिल्या अध्यायात आणि विसाव्याचा सातवा दिवस दुसऱ्यात गेलाय. पण मला सगळ्यात लागतं ते प्रेषितांची कृत्ये २१ चं टोक.

यरुशलेमच्या मंदिरात प्रेषित पौलावर जमाव तुटून पडलाय, शिपायांनी त्याला सोडवून गढीकडे आणलंय. पायऱ्यांवर तो सरदाराला विचारतो, काही बोलू का? सरदार चमकतो : तुला ग्रीक येतं? परवानगी मिळते. पौल पायऱ्यांवर उभा राहून हातानं खुणावतो, गलका थांबतो, आणि तो इब्री (हिब्रू) भाषेत म्हणतो... इथं अध्याय संपतो! काय म्हणतो ते बावीसमध्ये. वाक्य अर्धं इकडे, अर्धं तिकडे.

बेळगावच्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. साहेबाशी साहेबाच्या भाषेत बोलायचं आणि मागे वळून आपल्या माणसांशी आपल्या भाषेत, हे आपण तालुका कचेरीच्या दारात रोज करतो. कोणत्या भाषेत तोंड उघडलं त्यावर समोरचा ऐकणार की नाही ते ठरतं. बावीसच्या दुसऱ्या वचनात तेच आहे : इब्री ऐकून लोक अधिकच शांत झाले. प्रसंगाचा सगळा जीव या भाषा बदलण्यात, आणि आकड्यानं नेमका तिथंच विळा मारलाय. “आज एकवीस, उद्या बावीस” असं वाचणाऱ्याच्या हातून तो निसटतो.

३. आमची आजी ‘ओवी’ म्हणायची, मुलं ‘वचन’ म्हणतात. बरोबर काय?

दोन्ही चालतं. आमच्याकडेही थोरली माणसं “तिसरा अध्याय, सोळावी ओवी” असंच म्हणत. शब्द गोड आहे, पण त्यानं एक गैरसमज आत शिरतो.

ज्ञानेश्वरीची ओवी ज्ञानदेवांनी ओवी म्हणूनच रचली. साडेतीन चरण, आणि चौथ्यावर थांबा. अशा सुमारे नऊ हजार आहेत आणि कुठंही थांबलात तरी कवीनं ठेवलेल्या जागीच थांबता. बायबलमधल्या गद्याचं तसं नाही. पौलानं पत्र लिहिलं ते एका दमात. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात वचन ३ ते १४ हे ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे! त्याच्या बारा ‘ओव्या’ मागाहून पडल्या. आपण त्यातली एक उचलतो आणि ती पूर्ण आहे असं धरून चालतो, कारण ओवी पूर्ण असते हे आपल्या कानात लहानपणापासून बसलेलं असतं.

वचनांक म्हणजे रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड. कोल्हापूर किती राहिलं ते कळायला उपयोगी. प्रत्येक दगडापाशी गाडीतून उतरायचं नसतं.

४. पानावर दोन रकाने कशासाठी?

कागद वाचतो म्हणून. मजकूर प्रचंड, टाईप बारीक, कागद पातळ, आणि बारीक टाईपात आखूड ओळ डोळ्याला सोपी जाते. नुकसान होतं कवितेचं. स्तोत्रांतल्या ओळी जोडीनं येतात, दुसरी पहिलीला दुजोरा देते नाहीतर उलटवते. अरुंद रकान्यात त्या मोडतात आणि जोडी दिसेनाशी होते. स्तोत्रं तरी एका रकान्याच्या प्रतीतून वाचा.

५. मधे मधे ठळक मथळे असतात, ते पवित्र शास्त्राचाच भाग आहेत ना?

नाहीत, एक अपवाद सोडून. मथळे संपादक देतात, म्हणून दोन भाषांतरांत ते वेगळे दिसतात. त्यांची मदत होते, पण मथळा वाचला की आपण निकाल आधी ऐकतो आणि साक्ष नंतर.

लूक १५ घ्या. ‘उधळ्या पुत्र’ असं नाव एकदा डोक्यात बसलं की गोष्ट धाकट्याची होते आणि तो घरी आला की संपते. पण अध्यायाच्या सुरुवातीला बघा, ही गोष्ट कोणाला सांगितलीय? पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुर करणाऱ्या परूश्यांना, म्हणजे नियमांना कडक असलेल्या यहुदी पंथाच्या लोकांना. त्यांच्या जागी उभा आहे तो थोरला भाऊ, जो शेतातून येतो आणि वाद्यं ऐकून अंगणातच अडून बसतो. गोष्ट संपते तेव्हाही तो बाहेरच आहे. वर्गात मी मथळ्यावर कागदाची पट्टी लावून हा उतारा वाचायला देते आणि मुलांना नाव ठेवायला सांगते. एका मुलीनं लिहिलं, ‘दोन पोरांचा बाप’. छापील मथळ्यापेक्षा मला तेच पटलं.

अपवाद स्तोत्रांचा. ‘दाविदाचे स्तोत्र’ अशा बारीक ओळी संपादकांच्या नाहीत, त्या हिब्रू मजकुरातच आहेत. हिब्रूत त्यांनाही वचनांक मिळतो, म्हणून ५१ वं स्तोत्र आपल्याकडे १९ वचनांचं आणि हिब्रूत २१ वचनांचं.

६. तांबड्या अक्षरांतलं जास्त महत्त्वाचं का?

येशूचे शब्द तांबड्या शाईत छापायची कल्पना लुई क्लॉप्श या अमेरिकेतल्या संपादकाची. १८९९ मध्ये त्यांनी तसा नवा करार काढला. म्हणजे ही प्रथा सव्वाशे वर्षांची.

सोय आहे, नाही कशाला म्हणू? पण त्यामुळे येशूचं बोलणं तेवढं ‘खरं बायबल’ आणि त्यानं केलेलं मधलं किरकोळ, असं डोळा ठरवून टाकतो. कुष्ठरोग्याला त्यानं हात लावला ते काळ्या अक्षरांत आहे.

शिवाय तांबडं कुठं संपवायचं हे छापणाराच ठरवतो, कारण ग्रीकमध्ये अवतरणचिन्हं नव्हती. निकदेमाशी चाललेलं बोलणं योहान ३:१५ ला संपतं की २१ ला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्यामुळे जगातलं बहुधा सगळ्यात पाठ असलेलं वचन, योहान ३:१६, काही आवृत्त्यांत येशूच्या तोंडी आहे आणि काहींत योहानाच्या लेखणीत.

७. पुस्तकं लिहिली गेली त्याच क्रमानं लावलीत का?

नाही. पौलाची पत्रं साधारण लांबीनं लावलीत : आधी मंडळ्यांना लिहिलेली, रोमकरांपासून उतरत्या लांबीनं, मग व्यक्तींना लिहिलेली, शेवटी पंचवीस वचनांचं फिलेमोन. अगदी आधीच्या पत्रांत मोडणारं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र त्यामुळे मागे गेलंय. लूकनं थियफिलाला उद्देशून दोन भाग लिहिले, शुभवर्तमान आणि प्रेषितांची कृत्ये. मधे योहानाचं शुभवर्तमान घुसल्यामुळे ते एकाच हाताचे आहेत हे कितीतरी जणांना ठाऊकच नसतं. ते एकदा पाठोपाठ वाचा.

जुन्या कराराचंही असंच. यहुदी क्रमात शेवटी इतिहासाचं पुस्तक येतं, परत वर यरुशलेमला जा अशा हुकमावर ते थांबतं. आपल्याकडे शेवटी मलाखी, एलीया संदेष्टा येणार असं सांगणारा. पान उलटलं की मत्तय. पुस्तक तेच, पण शेवट बदलला की वाट कोणाची पाहायची ते बदलतं.

८. सासर कन्नड, माहेर मराठी. दोन्ही बायबलं घरात आहेत आणि ती वेगळी वाटतात. असं का?

सीमाभागातला हा अगदी घरचा प्रश्न, आणि मला सगळ्यात आवडता.

मुखपृष्ठापासून बघा. मराठीवर ‘पवित्र शास्त्र’, कन्नडवर ‘सत्यवेदवु’. शास्त्र म्हटलं की नियम आणि आचार डोळ्यांपुढे येतो, वेद म्हटलं की ऐकून पाठ करायचा मंत्र. ग्रीक मूळ शब्दाचा अर्थ नुसता ‘पुस्तकं’ असा आहे. एकच मजकूर दोन उंबरठ्यांवरून आत येतो.

आता २३ वं स्तोत्र. मराठीत “परमेश्वर माझा मेंढपाळ आहे”, कन्नडात “येहोवनु ननगे कुरुबनु”. हिब्रूतलं देवाचं चार अक्षरी नाव इंग्रजी बायबलं मोठ्या लिपीतल्या अक्षरांनी दाखवतात. देवनागरीत आणि कन्नडात मोठी-छोटी लिपी नाहीच, म्हणून शब्दानंच वेगळेपण दाखवावं लागतं. मराठीनं त्या नावाच्या जागी ‘परमेश्वर’ घेतलं आणि एरवी ‘देव’ ठेवलं. कन्नडनं नावच ठेवलं. कन्नड वाचणाऱ्याला ते विशेषनाम वाटतं, मराठी वाचणाऱ्याला पदवी.

आणि ‘कुरुब’! मेंढपाळ हा मराठीत धंद्याचा शब्द. कुरुब ही आपल्या जिल्ह्यातली जिवंत जमात आहे, पावसाळा सरला की माळावर मेंढरं बसवणारी, खांद्यावर कांबळं टाकलेली. मराठीत ‘परमेश्वर माझा धनगर आहे’ असं छापलं असतं तर पहिल्या बाकावरच्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असत्या. कन्नडमध्ये ते सरळ लिहिलंय. माझी जाऊ कन्नडमधून हे स्तोत्र म्हणते तेव्हा मला हिरवळीबरोबर लोकरीचा वासही येतो. घरात दोन्ही बायबलं आहेत तर दोन्ही वाचा, भांडण लावू नका. पाटी कोणत्या भाषेत, यावर आपल्याकडे आधीच पुष्कळ भांडणं आहेत.

९. माझ्या बायबलात मत्तय १७ मध्ये २० नंतर एकदम २२ येतं. पान खराब छापलंय का?

नाही. एस्तिएननं आकडे दिले (प्रश्न १) तेव्हा त्याच्यापुढे होता तो मजकूर उशिराच्या हस्तलिखितांवरचा. पुढे त्याहून जुनी हस्तलिखितं हाती आली आणि काही वाक्यं त्यांत सापडली नाहीत. वाक्य निघालं, पण पुढचे सगळे आकडे बदलले तर कोणाचाच संदर्भ लागणार नाही, म्हणून रिकामी जागा राहिली. कुठं ते वाक्य चौकटी कंसात ठेवतात, कुठं तळटिपेत. प्रेषितांची कृत्ये ८:३७ आणि योहान ५:४ चंही हेच. कोणीतरी वचनं ‘चोरली’ असे मेसेज फिरतात, ते पुढे पाठवू नका.

१०. कॅथलिक शेजारणीच्या बायबलात पुस्तकं जास्त आणि स्तोत्रांचे आकडे वेगळे कसे?

त्यांची ७३, आपली प्रॉटेस्टंटांची ६६. जास्तीची पुस्तकं जुन्या करारातली, ग्रीक परंपरेतून आलेली. त्याच परंपरेत काही स्तोत्रं जोडली-तोडली गेल्यानं जुन्या लॅटिन क्रमात आपलं २३ वं स्तोत्र २२ वं आहे. अलीकडच्या बहुतेक कॅथलिक आवृत्त्या हिब्रू क्रमच देतात.

११. एकतीस डिसेंबरच्या रात्री वचनाची चिठ्ठी काढतात, ती वर्षभर पाळावी का?

ती चिठ्ठ्यांची ताटली फिरताना पोटात होणारी कालवाकालव मलाही ठाऊक आहे, त्यामुळे प्रथेला हसणार नाही. पण चिठ्ठी, कॅलेंडर, फ्रेम आणि व्हॉट्सॲपचं सूर्योदयावरचं वचन, हे सगळं एकाच कात्रीनं कापलेलं असतं. कोण बोलतंय आणि कोणाशी, तेच नेमकं बाहेर राहतं.

माझीच फजिती सांगते. मावसभावानं पीठगिरणी काढली. उद्घाटनाला मी हौसेनं पाटी करून दिली, ईयोब ८:७, तुझी सुरुवात लहान असली तरी शेवट मोठा होईल अशा अर्थाचं. सोनेरी अक्षरं, कडेला कणसं. चार वर्षांनी ईयोब सलग वाचायला घेतलं तेव्हा कळलं, हे देवाचं बोलणं नव्हेच, ईयोबचा मित्र बिल्दद बोलतोय. पोरं गेलेल्या मित्राला तो ऐकवतोय की तुझं चुकलं असेल, शुद्ध झालास तर बरकत येईल. आणि ४२:७ मध्ये देव या मित्रांवर संतापतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत म्हणून. पाटी अजून तिथंच आहे, पिठानं पांढरी झालेली. भावाला सांगितलं तर म्हणाला, “राहू दे की, गिरणी चाललीय ना!”

फ्रेमवरचं दुसरं लाडकं म्हणजे यिर्मया २९:११, हिताचे संकल्प. ते बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. ऐकणाऱ्यांतले कितीतरी परतीआधीच मरणार होते. हे कळल्यावर वचन हलकं होत नाही, जड होतं.

तर चिठ्ठी काढा, पण घरी जाऊन तो अख्खा अध्याय वाचा, आणि बोलणारा कोण ते चिठ्ठीच्या मागे लिहा.

१२. मोबाईलवर वाचलं तर काही बिघडतं का?

शोधायला मोबाईलसारखं काही नाही. सलग वाचायला मात्र कागद बरा, कारण हातात डावीकडे किती गेलं आणि उजवीकडे किती उरलं ते कळतं. ॲपमध्ये यिर्मया आणि यहूदा सारख्याच जाडीचे. सेटिंग्जमध्ये वचनांक लपवायची सोय असेल तर ती वापरून बघा. रोज येणाऱ्या वचनासाठी प्रश्न ११ पुरे.

१३. मुलगी कन्नड माध्यमात आहे, देवनागरी अडखळत वाचते. इंग्रजी अक्षरांत मराठी वचनं दिली तर पाप नाही ना?

पाप कसलं! चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात तर राचोल लागतं. तिथं १६१६ साली थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, अस्सल मराठी ओव्यांत, आणि छापलं रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, तिथं नव्हते. बायबलची कथा त्यांनी पुराण म्हणून मांडली, म्हणजे बसून, ऐकून, सुरात म्हणायची. ऐकणाऱ्याला लिपीची अडचण नव्हतीच.

मुलीलाही आधी ऐकवा, ध्वनिमुद्रित नाहीतर तुमच्या तोंडून. पूर्वी एकटा माणूसही बहुधा मोठ्यानंच वाचायचा. प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये रथात बसलेला कूशी अधिकारी यशया वाचतोय आणि फिलिप्पाला ते धावता धावता ऐकू येतंय. मात्र रोमन अक्षरांत ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ एक होतात, म्हणून हळूहळू देवनागरीकडे वळवा.

भाषाच जड वाटत असेल तर पंडिता रमाबाईंचा अनुवाद चाळा. कर्नाटकातल्याच गंगामूळच्या रानात जन्मलेल्या या बाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल असं बायबल केलं, आणि ते केडगावच्या मुक्ती मिशनमध्येच छापलं गेलं. १९२४ साली पुरं बाहेर आलं तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

१४. आकडे नकोत म्हणता, मग वाचायचं तरी कसं?

आकडे फेकू नका, उपासनेत पान सापडायला ते लागतातच. पण वर्षातून एकदा तरी एखादं पुस्तक पारायणासारखं वाचा. आपल्या गावांत सप्ताहात ज्ञानेश्वरी लावतात तशी, सगळ्यांनी मिळून, मोठ्यानं, मधे प्रवचन न घालता. मार्कचे सोळा अध्याय दीड-दोन तासांत होतात.

आमच्या महिला मंडळानं रूथच्या पुस्तकापासून सुरुवात केली. चार अध्याय एका शंभर पानी वहीत हातानं उतरवले, आकडे आणि मथळे गाळून. पहिल्या दिवशी वाचणारीनं सवयीनं तिसऱ्याच्या शेवटी वही मिटली, जिथं नामी सुनेला सांगते की मुली, आता गोष्ट कशी वळते ते कळेपर्यंत गप्प बैस. कोपऱ्यात ऐंशीच्या पुढच्या एक आजी बसल्या होत्या, वाचता न येणाऱ्या. त्या पुढे सरकल्या. “थांबलीस कशाला? वाच की! तो बवाज गेला वेशीत, त्याचं काय झालं?” वही परत उघडली. चहा निवून गेला.